विषय: आईचं 24 तासांचं इन्सुलिन, एकदा की दोनदा?

नमस्कार मंडळी,
गणपती वर्गणीच्या मेलमध्ये हे नको म्हणून वेगळं लिहितोय. आई सोलापुरात एकटी, वय 71. सहा वर्षं 30/70 मिक्स (लवकर आणि हळू चालणारं इन्सुलिन एकत्र) घ्यायची, दोन्ही जेवणांआधी. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ते बंद करून ग्लार्जिन दिलं, रात्री 9 ला एकदाच, 18 युनिट. गोळ्या चालू आहेतच. आईचं म्हणणं, "दोनदा जेवते, मग एका सुईनं कसं भागेल?" परवा व्हिडिओ कॉलवर कळलं, बाईसाहेबांनी परस्पर 9-9 करून टाकलंय! वर कडक भाकरी आणि शेंगा चटणी जास्त झाली की आणखी दोन. ह्यूस्टनहून ओरडून काय होणार?

---
अरे, आईचा हिशोब मिक्सचा आहे, आणि तिथे तो बरोबरच होता. मिक्समधला एक भाग जेवणासाठीच असतो. ग्लार्जिनचं तसं नाही. कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण बनून बसतात आणि साधारण 24 तास हळूहळू विरघळतात. म्हणून रोज एकदा, ठरलेल्या वेळी. लिव्हर रात्रभर साखर सोडत असतं, हे त्याच्यासाठी. डोस बरोबर आहे का हे सकाळची उपाशीपोटीची शुगर सांगते. भाकरीसाठी चढवलेले दोन युनिट भाकरीला उपयोगी पडत नाहीत, पहाटे तीनला साखर उतरवून घाम मात्र फोडतात.
काहींना ग्लार्जिनसुद्धा दोनदा देतात, दिवस संपायच्या आत असर उतरत असेल तर. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. डेग्लुडेक नावाचं दुसरं इन्सुलिन तर 42 तासांच्या वर चालतं, तरी रोज एकदाच.
(तीस वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे उभी आहे, म्हणून एवढं बोलते.)

---
आमचे सासरे एखाद्या रात्री विसरले तर दुसऱ्या दिवशी डबल घेतात. काही होत नाही.

---
अजून झालं नाही एवढंच! डबल कधीच नाही. विसरलं तर डॉक्टरांना फोन.
आणि मूळ मेलवाल्या, एक तातडीचं: आई पेननं घेते की सिरिंजनं? तिकडे मिक्सची कुपी बहुधा 40 ची असते (एका मिलीत 40 युनिट), ग्लार्जिन 100 चं. घरातल्या जुन्या लाल टोपणाच्या, म्हणजे 40 च्या खुणांच्या सिरिंजनं ओढलं तर 9 म्हणता म्हणता साडेबावीस जातात.

---
हे वाचून पोटात गोळाच आला. तिकडे रात्रीचे साडेबारा, तरी उठवलं. पेनच आहे. हुश्श! लाल टोपणाच्या मात्र डबाभर निघाल्या. "चांगल्या आहेत, टाकू कशाला?" म्हणे. शेवटी शनिवारी डॉक्टरांकडे शुगरची वही आणि तो डबा, दोन्ही न्यायला कबूल झाली. 9-9 ची कबुलीही स्वतःच देणार आहे. तोवर मधेच काही बदलायचं का, ते सकाळी फोन करून विचारेल.
काकू, पेन माठाजवळ ठेवते, ते चालेल ना?

---
आत्ता चालेल. वापरातलं 30 अंशांच्या आत, 28 दिवस. मे महिन्यात मात्र मला परत विचार, सोलापूरचं ऊन मला माहितीये.