ग्लुकोज ऑक्सिडेजचे पीक तर दिसून राहिले, पण हे खरंच डायरेक्ट इलेक्ट्रॉन ट्रान्सफर आहे का?

संत्रानगरी_केमिस्ट:
नमस्कार मंडळी, एमएस्सी शेवटचं सेम, नागपूर. ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर कार्बन नॅनोट्यूब, त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजचं ऑक्सिडेशन करणारं एन्झाइम), वरून नाफिऑन या पॉलिमरचा थर. पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन सोडून सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंट मोजणं) केली तर सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत -०.४५ व्होल्टच्या आसपास पीकची (करंटच्या शिखरांची) मस्त जोडी आली, स्कॅन रेट वाढवला की करंटही सरळ रेषेत वाढतो. गाईड म्हणाले झालं, डायरेक्ट ट्रान्सफर, म्हणजे एन्झाइमचे इलेक्ट्रॉन मधे कोणी नसता थेट इलेक्ट्रोडला, लिहून टाक. मग ग्लुकोज टाकला तर करंट वाढायच्या ऐवजी कमी होऊन राहिला! तीनदा केलं, तेच. पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, एक्स्टर्नलनं विचारलं तर काय सांगू बाप्पा?

बर्डीवाला:
ग्लुकोजच्या दिवशीही नायट्रोजन चालू होता का?

संत्रानगरी_केमिस्ट:
नाही ना भाऊ, सिलिंडर संपलं होतं, नवीन यायला चार दिवस लागणार होते म्हणून उघड्यावरच केलं. रिडक्शनचा पीक ऑक्सिडेशनच्या पीकपेक्षा बराच मोठा होता, ग्लुकोज टाकत गेलो तसा तोच उतरत गेला.

बर्डीवाला:
मग तिथंच घोळ आहे. तू मोजून राहिला ऑक्सिजन. त्या व्होल्टेजला इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन रिड्यूस होतो म्हणून तुझा पीक मोठा दिसतो, ग्लुकोज टाकला की एन्झाइम आपलं नेहमीचं काम करतं, ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, म्हणजे इलेक्ट्रोडजवळचा ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि करंट उतरतो. सेन्सर म्हणून चालेल, पण इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला मिळाले याचा हा पुरावा नाही. खरं डायरेक्ट असतं तर नायट्रोजनमध्ये ग्लुकोज टाकल्यावर ऑक्सिडेशनचा करंट चढला असता. नुसती जोडी दिसली म्हणून नाचू नको.

वर्धा_रोडची_ताई:
बरोबर आहे. आणि ती जोडीसुद्धा बहुतेक एन्झाइमची नसून सुटलेल्या एफएडीची (एन्झाइममधला इलेक्ट्रॉन घेणारा-देणारा छोटा रेणू) आहे. एफएडी या एन्झाइमला कोव्हॅलेंट बाँडनं बांधलेला नसतो, थोडा जरी निसटला तरी नॅनोट्यूबला जाऊन चिकटतो आणि पीएच ७ ला नेमका तिथंच पीक देतो. स्कॅन रेटची सरळ रेषा एवढंच सांगते की जे काही आहे ते पृष्ठभागाला चिकटलेलं आहे, काय आहे ते नाही सांगत. २०१८ मध्ये बार्टलेट आणि अल-लोलाजे या संशोधकांनी स्पष्टच लिहिलं की नॅनोट्यूब किंवा ग्राफीनवर मूळ ग्लुकोज ऑक्सिडेजच्या डायरेक्ट ट्रान्सफरच्या दाव्यांना पुरावा नाही. कारणही साधं आहे, १६० किलोडाल्टनचा डायमर (दोन भागांची जोडी), वरून साखरेचं आवरण, एफएडी पार आत दडलेला, आणि अंतर वाढलं की इलेक्ट्रॉनच्या उडीचा वेग घातांकी पद्धतीनं पडतो, साधारण १४ आंगस्ट्रॉमच्या पुढे तर आशाच सोड.

कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) असा कर, थोडं एन्झाइम दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेव म्हणजे ते निकामी होईल, मग तसंच इलेक्ट्रोडवर लाव, तरीही पीक आला तर तो चालू एन्झाइमचा नाही. (मे महिन्यात लॅबच्या खिडकीत ठेवून भागणार नाही, आपले ४५ डिग्री ते बऱ्यापैकी सोसतं, मी विसरले होते एकदा.) दुसरा इलेक्ट्रोड नुसत्या एफएडीचा. आणि ग्लुकोजचं द्रावण आदल्या रात्रीच करून ठेव, एन्झाइमला बीटा रूप लागतं, ताज्या द्रावणात ते हळूहळू तयार होत असतं.

बर्डीवाला:
थेट ट्रान्सफरच दाखवायचं असेल तर एन्झाइम बदल. फ्रुक्टोज डिहायड्रोजिनेज किंवा सेलोबायोज डिहायड्रोजिनेज घे, त्यांच्यात एफएडी आणि इलेक्ट्रोडच्या मधे हीम (लोह असलेला गट) असतो, तो इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो. लॅकेजचं एक कॉपर पृष्ठभागाजवळ असतं म्हणून तेही चालतं, पण तिथं उलटं, ऑक्सिजन असेल तरच करंट. सायटोक्रोम सी (इलेक्ट्रॉन वाहणारं प्रथिन) तर १९७७ पासून चालतंय, ते एन्झाइम नाही ही गोष्ट वेगळी. ग्लुकोज ऑक्सिडेजच वापरायचं तर मेडिएटर (एन्झाइमपासून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन नेणारा छोटा रेणू) टाक, १९८४ मध्ये फेरोसीन वापरून तेच केलं होतं.

संत्रानगरी_केमिस्ट:
सिलिंडर आलं, काल संध्याकाळी केलं. उकळलेल्या एन्झाइमचा पीक त्याच जागी, उंचीही जवळपास तेवढीच! नायट्रोजनमध्ये ग्लुकोज टाकला तर ढिम्म काही हललं नाही. ताई, उकळल्यावर वरचं पाणी पिवळं दिसलं, तो एफएडीच ना? गाईडना ग्राफ दाखवले, दहा मिनिटं बघत बसले, मग म्हणाले टायटल बदलावं लागेल. आता रात्रभर स्लाइड्स करून राहिलो.