तारण (पापापासून मिळालेली सुटका) गमावता येतं का? योहान १० आणि इब्री ६ एकत्र कसे वाचायचे?

साधा वाचक:
योहान १०:२८ मध्ये प्रभू म्हणतो, माझ्या मेंढरांना माझ्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही. इब्री ६:४-६ मध्ये मात्र ज्यांना प्रकाश मिळाला, स्वर्गीय दानाची रुची कळली, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं आहे. दोन्ही उतारे एकाच अभ्यासवर्गात घ्यायचे आहेत आणि एक पुढे करून दुसरा झाकायचा नाही. दुसरं म्हणजे, "माझं तारण गेलं" या भीतीने पोखरलेल्या माणसाला नेमकं काय सांगावं? वचनांसकट लिहा, नुसतं "विश्वास ठेवा" नको.

बिरुयाकर:
आधी दोन प्रश्न वेगळे करा. देव खऱ्या विश्वासणाऱ्याला शेवटपर्यंत राखतो का, हा सुरक्षिततेचा प्रश्न. मी खरा विश्वासणारा आहे हे मला कसं कळावं, हा खात्रीचा. निम्मी भांडणं या सरमिसळीतून होतात. तारण पक्कं असून खात्री डळमळू शकते. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासाच्या कबुलीत (१६४६, कॅल्व्हिनच्या परंपरेतलं विश्वासपत्रक) या दोन्हींना स्वतंत्र प्रकरणं आहेत, १७ वं आणि १८ वं. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी बराच काळ वाट पाहावी लागू शकते, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. उलट खात्री दांडगी आणि तारणाचा पत्ता नाही, असंही होतं. मत्तय ७:२२ मधले लोक पाहा: संदेश दिले, भुतं काढली, आणि उत्तर काय, तर तुमची माझी कधीच ओळख नव्हती.

योहान १० वाचताना २७ व्या वचनापासून सुरुवात करा. मेंढरं वाणी ऐकतात, मागे येतात. २८ मधलं अभिवचन त्यांच्यासाठी आहे. २७ गाळून २८ पाठ केलं की ऐकणं नाही, मागे जाणं नाही, नुसती हमी उरते. सोबत फिलिप्पै १:६ आणि इफिस १:१३-१४ घ्या. आत्मा हा वतनाचा विसार आहे, आणि तो देणारा देव आहे.

इब्री ६ मात्र ५:११ ते ६:१२ असं सलग वाचा. ६:६ ला थांबणं ही नेहमीची चूक. ७-८ मध्ये एकच पाऊस पिणारी जमीन आहे, एकीकडे उपयोगी पीक, दुसरीकडे काटेकुसळं. आणि ९ मध्ये लेखक म्हणतो, तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या, तारणाबरोबरच्या गोष्टींची आहे. म्हणून ४-५ मधले लोक मंडळीत बसून पाऊस प्यायलेले, पण मूळ न धरलेले, असं मी वाचतो (१ योहान २:१९). ४ मधले "पवित्र आत्म्याचे भागीदार" हे शब्द या वाचनाला सगळ्यात जड जातात. वर्गात ते लपवू नका, कोणीतरी विचारणारच.

मग सुरक्षित माणसाला इशारा कशाला? प्रेषितांची कृत्ये २७ उघडा. २२-२४ मध्ये पौलाला देवाचं वचन मिळालंय की एकाचाही जीव जाणार नाही. तरी ३१ मध्ये खलाशी होडीतून पळू पाहतात तेव्हा तो शताधिपतीला बजावतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. शिपाई दोर कापतात, होडी जाते, आणि सगळे वाचतात. वचन खरं होतं आणि इशाराही खरा होता. इशाऱ्यामुळेच वचन पुरं झालं. डॉर्टच्या धर्मसभेने (नेदरलँड्स, १६१८-१९) पाचव्या विषयात हेच मांडलंय: देव बोध, धमक्या आणि अभिवचनं वापरूनच आपल्या लोकांना टिकवतो.

कुंभारवाडा:
कृत्ये २७ चा मुद्दा छान आहे, पण इब्री १०:२९ त्यात बसत नाही. तिथे माणूस "ज्या कराराच्या रक्ताने पवित्र झाला" तेच तुच्छ मानतो. हा नुसता बाकावर बसलेला माणूस कसा? कलस्सै १:२३ मधलं "जर", रोम ११:२२ आणि योहान १५:६ मधला फाटा हेही धरा. रोम ८:३८-३९ च्या यादीत मरण, देवदूत, उंची, खोली सगळं आहे. माझा स्वतःचा नकार नाही. (समोरचे म्हणतील, "दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू" यात तूही आलास. वाद तिथेच अडतो.)

पण आमची, म्हणजे तारण गमावता येतं म्हणणाऱ्यांची, बाजू "रोज पाप, रोज तारण गेलं" अशी नाही. जातं ते विश्वासत्यागाने. १६१० च्या निवेदनात खुद्द आर्मिनियनांनी (डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी) पतन शक्य आहे की नाही हे ठरवलं नव्हतं, शास्त्रातून आणखी तपासायला हवं एवढंच म्हटलं होतं. आणि बाकीच्यांना एका पोत्यात घालू नका. कॅथलिक शिकवणीत (ट्रेंटची धर्मसभा, १५४७) प्राणघातक पापाने कृपा जाते, विश्वास शिल्लक असला तरी, आणि ती पापनिवेदनाने परत मिळते. लूथरन लोकही नीतिमान ठरलेला माणूस आत्मा गमावू शकतो असं मानतात, पण त्यांची वाट वेगळी.

एका बाबतीत मात्र बिरुयाकर आणि मी एकच: अमुक तारखेला प्रार्थना म्हटली आणि पुढे पश्चात्तापाशिवाय खुशाल जगतोय, त्याला आम्ही दोघंही दिलासा देत नाही.

जैतून:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी विचारा, भीती कशाची? ठराविक पापाची, शंकेची, की कारण सांगताच येत नाही अशी?

ठराविक पाप असेल तर त्याचं नाव घेऊन कबुली (१ योहान १:८ ते २:२), आणि कोणाचं नुकसान केलं असेल तर भरपाई. जकातदार जक्कयाने तेच केलं (लूक १९:८).

"क्षमा न होणारं पाप" असेल तर मार्क ३:२८-३० पूर्ण वाचून घ्या. ३० व्या वचनात कारण दिलंय: ते म्हणत होते, याला अशुद्ध आत्मा लागला आहे. डोळ्यांसमोरचं आत्म्याचं काम जाणूनबुजून सैतानाचं ठरवणं हे ते पाप. नकोसा विचार मनात येऊन ज्याची झोप उडते, तो यात मोडत नाही.

पुन्हा "स्वीकाराची प्रार्थना" (ख्रिस्ताला स्वीकारतो, अशी) म्हणायला लावू नका. मग भरवसा ख्रिस्तावरून उठून प्रार्थना नीट झाली का यावर बसतो, आणि आठवड्याने तीच भीती परत. त्याऐवजी लूक २२:३२ दाखवा: पेत्राने प्रभूला नाकारण्याआधीच प्रभूने त्याच्या विश्वासासाठी विनंती करून ठेवली होती.

तोच माणूस रोज तीच कबुली देतो, रोज तेच विचारतो, तुमच्या उत्तराने तासभर बरं वाटतं आणि पुन्हा सुरू? मग वचनं वाढवून उपयोग नाही. प्रत्येक दिलाशाने ती सवय घट्ट होते. हा मंत्रचळेपणाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार असू शकतो; पाळकाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवेत.

साधा वाचक:
आभार, जैतून. उघडपणे विश्वास सोडून परत आलेल्याचं काय? इब्री १२:१७ मध्ये एसावाने अश्रू गाळूनही त्याला मिळालं नाही ना?

बिरुयाकर:
एसावाला आशीर्वाद हवा होता. उत्पत्ती २७:३४ पाहा, रडणं त्यासाठी आहे. जेवणासाठी विकलेल्या ज्येष्ठत्वाच्या हक्काचं नाव तो ३६ मध्ये काढतो, पण याकोबाने तो हिरावला अशी तक्रार म्हणून; आपण तो विकला याचा पश्चात्ताप तिथे नाही. आणि इब्री ६ मध्ये अशक्य म्हटलंय ते पश्चात्तापाकडे आणणं. जो पश्चात्ताप करून दारात उभा आहे त्याला ते वचन दाखवून हाकलता येत नाही.

कुंभारवाडा:
हा वाद जुना आहे. इ.स. २५० च्या सुमारास सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी देवतांना बळी वाहिले, काहींनी बळी न वाहताच तसे दाखले मिळवले. रोममध्ये नोव्हेशियनचा गट म्हणाला, यांना मंडळीत परत घ्यायचंच नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि २५१ ची तिथली सभा यांनी दार उघडं ठेवलं, पण सरसकट नाही: नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशी करून लवकर, बळी वाहिलेल्यांना दीर्घ प्रायश्चित्तानंतर.