बहात्तरची खडी

‘इतके वाईट दिवस कधीच नव्हते’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, त्यावरून आजी आठवली. १९७२च्या दुष्काळात ती सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. हातोडीने बोटं सोलायची म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची. कामावर सुकडी (पिठाचं कोरडं खाणं) मिळायची, ती पदराला बांधून पोरांसाठी घरी. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की खापरासारखी, असं ती सांगायची. सांगताना हसायची, हे विशेष!

तेव्हा सगळं गोड होतं असं मुळीच नाही. गुरं मातीमोलाने गेली, माणसं मुंबई-पुण्याच्या वाटेला लागली, त्यातली बरीच परत आलीच नाहीत. पण त्याच काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची कल्पना राज्यभर राबली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ला देशाने तसाच कायदा केला. मला धीर येतो तो यामुळे. नुसतं ‘आमच्या वेळी काय सोसलं’ ऐकून नाही, त्याचा तर कंटाळा येतो.

(जुनी माणसं म्हणतात, बहात्तरला धान्य नव्हतं पण विहिरींना पाणी होतं. २०१६ला लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. म्हणून ‘इतके वाईट दिवस’ म्हणणाऱ्याची काळजी अगदीच खोटी नाही.)

आजीने ज्या पाझर तलावावर माती वाहिली, तो अजून आहे. गाळ भरलाय, पण यंदा दिवाळीपर्यंत पाणी टिकलं.