मदत हवी आहे: 'गँग' शब्दाचा मूळ अर्थ काय? (गँग मिलिंग, गँगमन, गँगस्टर)

अंबडकर
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुलांसाठी मराठी माहितीफलक करायचे आहेत. मुलं आयटीआयची, बहुतेक मराठी माध्यमातली. घोडं अडलंय ते 'गँग' या शब्दावर. सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मशीनवर) गँग टूलिंग, आडव्या मिलिंग मशीनवर (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या) गँग मिलिंग, रेल्वेत गँगमन आणि पेपरात रोज येते ती गुन्हेगारांची गँग. जुन्या फलकावर 'टोळी मिलिंग' छापलंय, मुलं फिदीफिदी हसतात.
आधी गुंडांचा अर्थ की अवजारांचा? शब्द संस्कृत 'गण' किंवा 'गम्'वरून आला म्हणतात, ते खरं का? आणि फलकावर लिहायचं काय? जाणकारांनी सांगावं.

शब्दवेल्हाळ
गुंड सगळ्यात शेवटी आले. जुन्या इंग्रजीत 'गँग' म्हणजे जाणं, चाल, वाट. स्कॉटलंडच्या बोलीत 'जाणे' या अर्थाचं क्रियापद म्हणून तो टिकलाय, आणि 'गँगवे' म्हणजे सरळसरळ जायची वाट. १४ व्या शतकात 'बरोबर जाणाऱ्या वस्तू', म्हणजे संच, असा अर्थ आला. १७ व्या शतकात एकत्र काम करणारे मजूर आणि खलाशी त्यात आले, त्याच शतकात बदमाशही. 'गँगस्टर' तर १९ व्या शतकाच्या अखेरीचा, अमेरिकेतला. थोडक्यात, तुमच्या मिलिंगमधला अर्थ जुना आणि सभ्य आहे. (जर्मन ड्रॉइंगवर 'गांग' दिसलं तर दचकू नका, तिकडे गाडीच्या गिअरला तसं म्हणतात.)

'गण' आणि 'गम्' दोन्ही सोडून द्या. कानाला सारखं लागतं म्हणून नातं जुळत नाही, ध्वनी ठरलेल्या वाटेनेच बदलतात. संस्कृत 'ग'च्या जागी इंग्रजीत 'क' येतो: गो आणि काऊ. त्यामुळे 'गम्'चा इंग्रजी भाऊबंद 'कम', म्हणजे येणे. इंग्रजी 'ग'च्या जागी संस्कृतात बऱ्याचदा 'ह' सापडतो: गूस, जर्मन गान्स आणि आपला हंस. या हिशेबाने 'गँग'चं नातं लागतं ते 'जंघा'शी. दोन्हींच्या मुळाशी 'पाऊल टाकणे' या अर्थाचा धातू आहे. मग 'ह' सोडून 'ज' का? पुढे 'घ' आहे म्हणून. दोन महाप्राण (घ, ध असे 'ह' मिसळलेले वर्ण) जवळजवळ आले की संस्कृतात पहिला अल्पप्राण होतो, म्हणून तर 'धधामि' न होता 'दधामि' होतं. याला ग्रासमानचा नियम म्हणतात. मराठीतली 'जांघ' याच 'जंघे'ची. गँगरीनचा मात्र काही संबंध नाही, तो शब्द ग्रीक.

आर्बर
मुलांना व्युत्पत्ती जरूर सांगा, कारण 'बरोबर जाणारा संच' हे डोक्यात बसलं की मशीनवरचे घोटाळे टळतात.

गँग मिलिंगमध्ये एकाच आर्बरवर (कटर बसवायच्या दांड्यावर) तीन-चार कटर, मध्ये अंतर राखणाऱ्या कॉलर. सगळ्यांचा आरपीएम (मिनिटाला फेरे) एक, पण व्यास वेगळा, म्हणून कटिंग स्पीड (धारेचा वेग) वेगळा. १५० मिमी आणि १०० मिमीचे एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटर धरा, स्पीड २५ मीटर प्रति मिनिट. मोठ्याच्या हिशेबाने आरपीएम येतो ५३, लहान्याच्या हिशेबाने ८०. ८० ठेवलात तर मोठा कटर साधारण ३८ मीटरने पळतो आणि त्याची धार जळते. ५३ ठेवा. लहाना १७ मीटरच्या आसपास रेंगाळेल, रेंगाळू द्या. दुसरी गोष्ट धारेची. एकाच कटरला धार लावून आणली तर त्याचा व्यास कमी होतो आणि जॉबवरच्या (कापायच्या तुकड्यावरच्या) पायरीची उंची बिघडते. सगळा संच एकदम धारेला जायला हवा.

गँग टूलिंगमध्ये टरेट (टूल बदलणारं फिरतं डोकं) नसतो. टूल क्रॉस स्लाइडवर (आडव्या सरकत्या पट्टीवर) ओळीने बसतात, टूल बदलायचं म्हणजे स्लाइड एक्स अक्षात (जॉबला आडवी) सरकवायची. वेळ वाचतो, पण धडकही इथेच होते. ड्रिल जॉबच्या मध्यावर असताना शेजारचं टूल जॉबच्या अंगाला लागतं. ड्रिलच्या अक्षापासून शेजारच्या टूलच्या सगळ्यात जवळच्या कडेपर्यंतचं अंतर जॉबच्या त्रिज्येपेक्षा जास्त हवं. टूल चकपर्यंत (जॉब धरणाऱ्या पकडीपर्यंत) आत जाणार असेल तर चकची त्रिज्या धरा. आणि झेडमध्ये (जॉबच्या लांबीच्या दिशेत) पुरेसं मागे आल्याशिवाय एक्स हलवायचा नाही.

रूळावरचा
रेल्वेच्या दप्तरी आता 'ट्रॅक मेंटेनर', पण इगतपुरी-मनमाड पट्ट्यात तोंडात गँगमनच. त्यांच्यातला कीमन रोज आपला टापू पायी तपासतो, म्हणजे मूळ अर्थ शब्दशः चालूच आहे. जुन्या रेडिओतला 'गँग' आठवतो का कुणाला? एकाच दांड्यावरचे दोन कंडेन्सर, बटण फिरवलं की दोन्ही बरोबर फिरतात.

अंबडकर
बहुत आभारी! मग 'टोळी' काढून टाकू ना?

शब्दवेल्हाळ
मशीनसाठी काढा, पण शब्दाला बदनाम करू नका. दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या छाटणीला टोळीच येते, उसालाही तोडणी टोळी असते, मुकादमासकट. माणसांना टोळी, टूलना संच.

आर्बर
नाव मात्र 'गँग मिलिंग'च ठेवा, उद्या मुलांना कॅटलॉग आणि जॉबकार्डवर तेच दिसणार. खाली बारीक अक्षरात लिहा: 'एकाच आर्बरवर कटरचा संच बसवून एका फेरीत अनेक पृष्ठभाग कापणे. आरपीएम सर्वांत मोठ्या कटरचा धरावा. धार पूर्ण संचाला एकदम लावावी.'