मदत हवी आहे : बाबांची १९६८ ची बुलेट ३५०, डब्यातले काही पार्ट ओळखता येत नाहीयेत

नमस्कार मंडळी,

लांबलचक लिहितोय त्याबद्दल माफ करा, पण फोटोत हे पार्ट नीट कळतच नाहीत, सगळे करडे तेलकट तुकडे दिसतात, म्हणून जमेल तेवढं वर्णन करतो.

गाडी एनफिल्ड इंडियाची बुलेट ३५०, आरसी बुकात १९६८, सहा व्होल्टवाली, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. बाबा परळला गिरणीत फिटर होते, गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती. १९९४ च्या मे महिन्यात पुण्याहून येताना खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला पोचेपर्यंत इंजिनातून टक टक आवाज सुरू झाला, बाबांनी तिथेच बंद केली आणि टेम्पोत घालून नायगावला आणली. त्याच्या तीनच महिने आधी एका गॅरेजमध्ये टायमिंग साइड (इंजिनाची ऑइल पंप असलेली बाजू) खोलून काम करून घेतलेलं, त्यामुळे बाबा परत तिथे गेलेच नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच जिन्याखाली बसून अख्खं इंजिन खोललं, मी तेव्हा आठवीत होतो, घासलेटच्या थाळीत पार्ट धुवायचं काम माझ्याकडे होतं. मग पैशांची अडचण आली, मग आईचं आजारपण, आणि इंजिन जे डब्यांत गेलं ते गेलंच.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आता आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय, जिन्याखालची जागा पावसाळ्याआधी रिकामी करायचीय. घरातले आणि शेजारचे सगळे सांगतात भंगारात दे, फ्रेमचे आणि केसिंगचे बरे पैसे येतील. मला ती द्यायची नाहीये. मला ती चालू करायचीय.

आत्तापर्यंत काय झालंय ते सांगतो. क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या कवचाचे) दोन्ही भाग धुतले, तडे नाहीत. पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा मोठ्या बाजूचा, म्हणजे क्रँककडचा, बुश जळून निळा पडलाय, तोच आवाज असणार. नागदेवी स्ट्रीटवरून मेन बेअरिंग आणि ऑइल सील आणले, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन रविवार फिरलो पण तिथे दाखवलेले पार्ट बहुतेक पुढच्या सालांच्या गाड्यांचे होते आणि दुकानदार नुसतं "बैठ जाएगा" म्हणतो, त्यावर माझा विश्वास बसत नाही.

आता जे ओळखता येत नाही ते.

एक, पोलादी नटासारखा पार्ट, एका बाजूला पाना लागतो असा षटकोनी भाग आणि त्याच्या पुढे अंगावर जाड गोल फिरत गेलेला आटा, जणू स्क्रूचा तुकडा, टोकाला नळीसारखं आरपार भोक. याला बाबांच्या हातची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली आहे, "उलटा. जोर लावू नये." कशाच्या उलटा ते कळत नाही.

दोन, बोटाच्या पेराएवढी बुचाच्या लाकडाची जाडसर कडी, कोरी, कधी वापरलेली दिसत नाही, छोट्या कागदी पुडीत. पुडीवर बाबांनी लिहिलंय, "आत नव्हतं." मी याचा अर्थ असा घेतला की हे इंजिनाच्या आतलं नाही, बाहेरचं काहीतरी आहे, म्हणून बाजूला ठेवलंय. टाकून देऊ का?

तीन, दोन पोलादी चकत्या, एक थोडी मोठी एक लहान, प्रत्येकीत एक छोटा दट्ट्या आतबाहेर सरकतो आणि दट्ट्याच्या डोक्याला भोक आहे. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत. सोबत दोन स्प्रिंगा.

चार, चार ठोकळे, अर्ध्या वर्तुळाचा खोबणा असलेले, दोन दोन जोडले की मध्ये गोल भोक तयार होतं. यातल्या एकाला कोपऱ्यात बारीक तडा आहे.

पाच, अगदी टिकलीएवढ्या पातळ पोलादी चकत्या, दोन. आई म्हणते या कपड्यावर लावायच्या टिकल्या असतील, पण चुंबकाला चिकटतात.

सहा, चकचकीत पॉलिश केलेला अर्धचंद्रासारखा तुकडा, एका टोकाला पक्ष्याच्या चोचीसारखं टोक. इंजिनात एवढं नाजूक काय असेल देव जाणे.

शिवाय पिस्टनच्या डोक्यावर "०४०" असं ठोकलंय. आणि डब्यातल्या स्टडना बाजारातला कुठलाच मिलिमीटरचा नट लागत नाही, दोन फेरे जातो आणि अडकतो. मी जोर लावला नाही, चिठ्ठी आठवली.

जाणकारांनी कृपया सांगा. अर्धवट माहितीही चालेल.

*

प्रतिसाद (ठाणे) :

सगळ्यात आधी, अडकणारे नट काढा आणि पुन्हा लावू नका. हे इंजिन इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याच्या डिझाइनचं आहे, मद्रासला १९५५ पासून या गाड्या जोडायला लागले आणि पुढे पूर्ण इथेच बनल्या, पण आटे तेच जुने इंग्लिश राहिले. त्यात सायकल थ्रेड आहेत, बऱ्याच ठिकाणी इंचाला २६ आटे, आणि काही ठिकाणी व्हिटवर्थ या दुसऱ्या जुन्या इंग्लिश मापाच्या घराण्यातले. सायकल थ्रेडचा कोन ६० अंश, व्हिटवर्थचा ५५, म्हणून दोन फेरे गेला म्हणजे तोच आहे असं धरून चालू नका. नागदेवीला पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायचं पात्यांचं साधन) मिळतं, इंचवालं घ्या, मिलिमीटरवालं नाही, आणि प्रत्येक स्टडवर पात्याची दातरी बसवून उजेडासमोर धरा, फट दिसली तर चुकीचं पातं. पानेही व्हिटवर्थचेच लागतील, आणि त्यांच्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही, यात नवीन माणूस हमखास फसतो.

"०४०" म्हणजे ४० थाऊचा ओव्हरसाइज पिस्टन, इंचाचे हजारावे भाग. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, त्यात साधारण १.०२ वाढवा, सिलिंडर ७१.०२ च्या आसपास भरला पाहिजे. वरती, मध्ये, खाली, आणि आडवं उभं दोन्हीकडून मोजा.

तुमचा एक नंबरचा पार्ट म्हणजे वर्म. क्रँकच्या टायमिंग बाजूच्या टोकावर बसतो आणि ऑइल पंपाची दांडी फिरवतो. याचे आटे उलटे, डावे. वडिलांनी चिठ्ठी बांधली ते फार बरं केलं, मी स्वतः दोन क्रँकची टोकं पाहिलीत ज्यांचे आटे लोकांनी नेहमीच्या दिशेला ताकद लावून फाडलेत.

तीन नंबर त्याच ऑइल पंपाचे. दोन पंप असतात, एक तेल इंजिनात ढकलतो आणि दुसरा खाली साचलेलं परत ओढतो, परतीचा मोठा. गुळगुळीत बाजू कव्हरमधल्या बैठकीवर घासून बसवलेली असते, ओरखडा दिसला तर बारीक ग्राइंडिंग पेस्टने आठाच्या आकड्यात हात फिरवत घासा आणि नंतर पेस्टचा कणही आत राहू देऊ नका.

*

प्रतिसाद (डोंबिवली) :

सहावा पार्ट बुलेटचा नाहीच आहे दादा. तो शिवणयंत्राचा शटल आहे, बॉबिन केसच्या मागे बसतो, त्या चोचीने सुईचा दोरा पकडतो. मी पंधरा वर्षं ब्लाउज शिवते म्हणून डोळे मिटून ओळखला. आईंच्या मशीनचा असेल, बघा त्यांना विचारून.

*

धागाकर्ता :

ताई, बरोबर! आईला दाखवला तर तिने हातातून घेतलाच. म्हणाली तिच्या मशीनचा टाका सुटत होता म्हणून बाबांनी काढून घेतला होता, घासून देतो म्हणाले होते. धार अजून चांगली आहे, तिने लगेच माळ्यावरून मशीन काढायला लावलं.

ठाण्याच्या दादांनी सांगितलं तसं पिच गेज आणलं, स्टड २६ चेच निघाले. बोअर वरती ७१.०४ आणि मध्ये ७१.०९ येतोय, म्हणजे पोटात खाल्लाय.

*

प्रतिसाद (कोल्हापूर) :

दोन नंबर टाकून देऊ नका हो, कृपा करून. सगळ्या डब्यात तीच सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

ती बुचाची कडी म्हणजे टायमिंग कव्हरमधला सील. पंपाने ढकललेलं तेल फिल्टरमधून कव्हरच्या आतल्या वाटेने येतं, वर्मच्या त्या नळीसारख्या टोकातून क्रँकमध्ये शिरतं आणि तिथून रॉडच्या मोठ्या बुशला जातं. कव्हर स्थिर आणि क्रँक फिरता, त्या दोघांच्या मधली गळती ही एवढीशी कडी थांबवते. ती नसली की तेल क्रँकमध्ये न जाता बाजूने टायमिंग चेंबरमध्येच सांडतं. जुन्या बुलेटला मोठ्या टोकाला रोलर नाही, तरंगता बुश आहे, त्याला दाबाने तेल मिळालंच पाहिजे, नाहीतर एका घाटात संपतो.

आणि फसवणारी गोष्ट ही की बाहेरून काहीच कळत नाही. सांडलेलं तेल खाली जातं, परतीचा पंप ते उचलतो, आणि या इंजिनात वरच्या रॉकरना (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) तेल परतीच्या पंपाकडूनच मिळतं. मिस्त्री रॉकरच्या पाइपचा बँजो बोल्ट (पाइप धरणारा पोकळ बोल्ट) सैल करून बघतो, तेल येतंय, म्हणतो सगळं ठीक आहे. रॉकरला तेल आहे याचा अर्थ बुशला आहे असा होत नाही.

तुम्ही लिहिलंय की तीन महिने आधी टायमिंग साइड खोललेली. आता पुडीवरचं वाक्य पुन्हा वाचा. "आत नव्हतं." मला वाटतं वडिलांनी इंजिन खोलल्यावर जागा रिकामी बघितली, म्हणून नवीन आणून ठेवली.

चार नंबर रॉकरचे बेअरिंग ठोकळे, जोडीनेच बोअर केलेले असतात, अदलाबदल चालत नाही. बसवताना खालच्या ठोकळ्याचं तेलाचं भोक हेडमधल्या भोकावर आलंच पाहिजे. पाच नंबर क्रँककेसच्या ब्रीदरच्या चकत्या, पिस्टन खाली आला की हवा बाहेर सोडतात आणि वर गेला की आत येऊ देत नाहीत. त्या राहिल्या तर प्रत्येक सांध्यातून तेल झिरपेल आणि तुम्ही गॅस्केट बदलत बसाल.

*

धागाकर्ता :

काल रात्री हे वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तीस वर्षं आम्ही घरात असंच समजत होतो की बाबांना शेवटी दोष सापडला नाही, इंजिन खोललं आणि हरले. आई तर म्हणायची उगाच खोललं, मिस्त्रीला दिलं असतं तर. आणि त्यांना सापडला होता. पुडी आणून, लिहून, वर्मच्या शेजारीच ठेवली होती, ती मीच बाजूला काढली. फक्त रॉडच्या कामाला पैसे नव्हते. आईला सगळं समजावून सांगितलं, वर्मवर ती कडी चढवून दाखवली. ती काही बोलली नाही, पुडी मात्र स्वतःकडे ठेवलीय.

*

धागाकर्ता, पाच आठवड्यांनी अपडेट :

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. नवीन रॉड किट बसवून क्रँक जुळवून आणला. सिलिंडर ६० थाऊला बोअर केला. सील बुचाचा नाही लावला, तीस वर्षांत कडक झालाय, कोल्हापूरच्या दादांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे नवीन रबरी लावला. पंपाच्या चकत्या घासताना मोठीवर दोन संध्याकाळी गेल्या, जुन्या फेल्ट फिल्टरचा तर हातात भुगा झाला. कव्हर लावताना इंजिन हळू पुढे फिरवत वर्म आणि दांडीचे दात जुळवून घेतले, फिल्टरचा कप्पा आधीच तेलाने भरून घेतला. आता स्पार्क प्लग काढून, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) ओढून नुसत्या किका मारतोय, कव्हरवरचा समोरचा मोठा प्लग सैल केल्यावर तिथून तेल आलं, म्हणजे ढकलणारा पंप जिवंत आहे.

अडलंय एकाच ठिकाणी. तडा गेलेला रॉकरचा ठोकळा वेल्डिंगवाल्याने हातात घेऊन नको म्हणून परत दिला आणि मलाही ते पटलं. ही एक्झॉस्ट बाजूची जोडी आहे, दोन्ही अर्धे एकत्रच हवेत, सुटा एक नको. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक कुठेही कुणाकडे साठच्या दशकातल्या ३५० ची जुनी पण तडा न गेलेली जोडी असेल तर इथेच लिहा, मी स्वतः येऊन माप घेऊन घेईन. चाळ सोडायला वीस दिवस राहिलेत आणि मला ती टेम्पोत घालून न्यायची नाहीये.