चर्चा: १६ पिक्सेलसाठी चिन्ह (आयकॉन) वेगळं काढायचं की नाही?

मांडवीकर
स्पष्टच लिहितो. एसव्हीजी, म्हणजे हव्या त्या मापाला ताणता येणारं रेघांचं चित्र, आल्यावरही १६ पिक्सेलचं चिन्ह वेगळं काढत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. एकदा मोठं, नीट काढा, लहान करा, मोकळे व्हा. गिऱ्हाईक पैसे एकाच चिन्हाचे देतं.

रेघोट्या
उत्तर देणार नव्हते, पण ‘रिकामटेकड्यांचा’ झोंबलं. मांडवीकर, एसव्हीजीला आकार कळतो, पडदा कळत नाही. २४च्या चौकटीतली २ पिक्सेलची रेघ १६वर आणली की १.३३ होते. पडद्यावर पिक्सेलचा तुकडा दाखवता येत नाही, म्हणून एक ओळ काळी आणि शेजारची करडी. त्याला तुम्ही ‘जरा सॉफ्ट दिसतंय’ म्हणता, मी बरबटलेलं म्हणते.

जाडी बरोबर असली तरी जागा चुकते. १ पिक्सेलच्या रेघेचा मध्य पूर्ण आकड्यावर ठेवला तर ती दोन्हीकडे अर्धी-अर्धी सांडते आणि दोन मळकट ओळी मिळतात. अर्धा पिक्सेल सरकवा, एकच ओळ, काळी कुळकुळीत. विषम जाडी अर्ध्यावर, सम जाडी पूर्णावर. आपोआप लहान करणाऱ्याला हे कोण सांगणार?

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पानाला वडाचं झाड हवं होतं. मोठ्या चित्रात पारंब्यांची नुसती झुंबड, सुंदर. तेच १६वर आणलं तर अध्यक्षांनी विचारलं, “फ्लॉवर का काढलाय?” मग नव्यानं काढलं: खोड २ पिक्सेल, दोन्हीकडे एकेक पिक्सेलच्या दोन-दोन पारंब्या, प्रत्येक फटीत दोन पिक्सेल मोकळे. झाले १४, कडेला एकेक समास. पानं एकही नाही, वर नुसता घुमट. आता कुणी फ्लॉवर म्हणत नाही. तपशील टिकवायचा म्हणजे बाकीचे कुठले मारायचे ते ठरवायचं.

मांडवीकर
ताई, व्याख्यान छान. पण मोबाईलवर तुमचे १६ म्हणजे खरे ४८ पिक्सेल, कारण हल्ली तिप्पट घनतेचे पडदे सर्रास आहेत. ती करडी ओळ बघायला भिंग लागेल. आणि पुढच्या उत्तरात कुणीतरी सुझन केअर आणि तिनं चिन्हं काढलेला ॲपलचा १९८४चा मॅकिंटॉश संगणक काढणार, तर आधीच सांगतो: तिच्याकडे ३२ गुणिले ३२ चौकटी होत्या आणि फक्त काळं-पांढरं. पर्यायच नव्हता. आपल्याकडे आहे.

इथे बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका दुकानदाराला मी तीन मापांची तीन वेगळी चिन्हं काढून दाखवली होती. चष्मा पुसून म्हणाला, “बधुं सरखुं ज छे.” सगळं सारखंच! पैसे एकाचेच दिले.

सुरसागरकाठी
म्हणजे राग दुकानदारावर आणि बोलणी पिक्सेलला! तुमचा मोबाईल तिप्पट असेल, आमच्या ऑफिसात २४ इंची १९२० बाय १०८० मॉनिटर आहेत. इंचाला जेमतेम ९२ पिक्सेल. दुपारपर्यंत इतके टॅब उघडे असतात की नावं दिसेनाशी होतात, उरतं ते चिन्ह. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं चिन्ह रुपयाचं आहे, कुणा मांडवीकरानंच लहान केलेलं. उदयकुमारांनी काढलेलं, २०१०मध्ये स्वीकारलेलं ते चिन्ह मोजा: वरची आडवी रेघ १, फट १, दुसरी रेघ १, फट १, पोटाचा तळ १. पाच ओळी संपल्या, तिरका पाय अजून यायचाय. आमच्यात दोन्ही रेघा एक झाल्यात. एक काळा पट्टा आणि खाली शेपूट. मी रोज चुकून शेजारचा टॅब उघडते.

खिळेवाला
छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. जुने ठसे कापणारे प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कापत. लहान टाइप म्हणजे मोठ्याची आक्रसलेली नक्कल नव्हे. त्यामुळे रेघोट्याताईंचं बरोबर. पण रुपयाचं दुखणं वेगळं आहे: शिरोरेषा. आमच्याकडे गुजराती आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, दोन्ही खिळे होते. बारीक टाइपात गुजराती स्वच्छ उमटायची, बाळबोधीत शाई भरायची. वरची एक ओळ रेघेत गेली, तिच्याखालची फटीत. १६ पिक्सेलात ही चैन परवडत नाही.

अनुस्वार
वा काका! बडोद्यात राहून शेवटी शिरोरेषाच काढायला निघालात? ‘व’वरची रेघ काढली की गुजराती ‘व’ झाला. मंडळाच्या पाटीवर आधीच मराठी तिसऱ्या नंबरला गेलीय, आता चिन्हातूनही हद्दपार करा. ज्या संस्थानाच्या दफ्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल पडलेत, तिथे हे ऐकायचं!

खिळेवाला
मोडीचं नाव काढलंत म्हणून विचारतो, वाचता येते का? मोडीत आधी पानभर रेघ ओढत आणि मग अक्षरं लटकवत. तिथे रेघ म्हणजे कागद आखून घेणं. मी हद्दपार कुणाला करत नाहीये, जागा मोजतोय.

अनुस्वार
मोडी आजोबांना येत होती. आम्हाला इंग्लिश मीडियममध्ये घातलं, त्याचा राग माझ्यावर काढू नका.

रेघोट्या
अहो, भांडण कुठे गेलं! काका, इथे मात्र मी तुमच्या विरुद्ध. पिक्सेलांच्या चौकटीत शिरोरेषेइतकी गुणी रेघ नाही: सरळ, आडवी, अख्ख्या ओळीत चपखल बसणारी. ती धारदार असली की अख्खं अक्षर धारदार भासतं. बुजतं ते ‘व’चं पोट, आणि ते गुजरातीतही तसंच आहे. पोट मोठं करा, आत निदान दोन बाय दोन पिक्सेल मोकळे ठेवा, दांडा हवा तर आखूड करा.

खिळेवाला
पोटाचं मान्य. रेघेचं करून दाखवा, मग बघू.

मांडवीकर
बरं बाई. टॅबसाठी १६चं वेगळं काढतो, रुपयाचं तर नक्कीच, नाहीतर सुरसागरकाठी रोज चुकीचा टॅब उघडून मला शिव्या घालतील. २०चं आणि २४चं मात्र लहान करूनच देणार. दुकानदाराचे उरलेले दोन चिन्हांचे पैसे कोण देतंय ते कळवा.

अनुस्वार
आणि पाटीचं काय झालं?