मदत हवी आहे: जीआरईच्या आरसीला (उताऱ्यावरच्या प्रश्नांना) नोट्स काढायच्या की नाही?

महिन्याभरात जीआरई (परदेशी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आहे. क्वांटचं (गणिताचं) टेन्शन नाही, शब्दही बऱ्यापैकी पाठ झालेत. गाडी अडते ती आरसीवर, आणि तिथेही एकाच गोष्टीवर: उतारा वाचताना नोट्स काढायच्या का?

सप्टेंबर २०२३ पासून पेपर छोटा झालाय. व्हर्बलच्या (इंग्रजीच्या भागाच्या) पहिल्या सेक्शनला १२ प्रश्न नि १८ मिनिटं, दुसऱ्याला १५ प्रश्न नि २३ मिनिटं. म्हणजे प्रश्नामागे जेमतेम दीड मिनिट, उतारा वाचायचा तोही त्यातच. पण हातात पेन नसेल तर माझं वाचनात लक्षच लागत नाही (शाळेपासूनची खोड), म्हणून रफ कागदावर लिहीत जाते.

कालचंच सांगते. सरावाला तांबोरा ज्वालामुखीवरचा उतारा होता. १८१५ चा उद्रेक, मग १८१६ चं ‘उन्हाळा नसलेलं वर्ष’. मी लिहिलं: ‘तांबोरा १८१५, गंधक, थंडी, पिकं गेली. १८०९ आणखी एक उद्रेक.’ प्रश्न आला, लेखकाने १८०९ च्या उद्रेकाचा उल्लेख कशासाठी केला आहे? १८०९ माझ्या कागदावर होतं. कशासाठी, तेवढंच नव्हतं! अख्खा उतारा परत वाचला, चार मिनिटं गेली, वर उत्तरही चुकलं.

मग चिडून तीन उतारे पेन बाजूला ठेवून सोडवले. छोट्यांना काहीच अडलं नाही. तीन-चार परिच्छेदांच्या लांबड्या उताऱ्यात मात्र शेवटाला येईपर्यंत सुरुवात डोक्यातून पार गेलेली. उतारा स्क्रीनवर प्रश्नाच्या शेजारीच असतो हे कळतं, पण कुठे शोधायचं ते तर आठवायला हवं ना? तुम्ही काय करता?

प्रतिसाद:
तुम्ही माहिती उतरवताय, आणि ती तर समोर दिसतेच आहे. लेखक तिथे काय करतोय ते लिहा: जुनं मत मांडतोय, शंका काढतोय, की पुरावा देतोय, आणि कोणाच्या बाजूने. वाचता वाचता लिहू नका. परिच्छेद संपला की थांबायचं, चार-पाच शब्द, पुढे. ‘हाउएव्हर’, ‘येट’ दिसलं की कान टवकारायचे, बाजू बहुधा तिथेच पलटते. एका परिच्छेदाच्या उताऱ्याला मी पेन उचलतच नाही.

धागाकर्ती:
तोच उतारा तसा करून पाहिला. ‘प१: सगळं खापर तांबोरावर. प२: थंडी आधीच सुरू, १८०९ पुरावा. प३: लेखक: दोन्ही.’ आता १८०९ कशाला आणलं ते आपसूक दिसतंय. अर्थात पाहिलेलाच उतारा, त्यामुळे हे मोजत नाही. उद्या नवा, लांबडा घेते, घड्याळ लावून.

एक राहिलं: दोन-तीन अभ्यासकांची मतं असली की नावांचा घोळ होतो. तुम्ही नुसती आद्याक्षरं लिहिता का? माझी परवा दोन्ही ‘एम’ निघाली.